वहाणांपासून बर्फाच्या बुटांपर्यंत: गोव्याहून थंड देशात जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्यातल्या आमच्या घरी जिन्याखाली एक लाकडी कपाट आहे. कॅनडातल्या विनिपेग शहरात मी अकरा वर्षं काढली, त्या काळातले माझे पायताणाचे नऊ जोड मी त्यात आणून ठेवले होते. आता आठ उरलेत. एक जोड कसा गेला ते प्रश्न १८ मध्ये सांगितलं आहे. दरवर्षी पाऊस स्थिरावला आणि मुलांचे व्हिसा येऊ लागले की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. कुणाचा मुलगा शिकायला चाललेला असतो, कुणाची सून नोकरीला, कुणाचे आईवडील नातवंडाला बघायला. माणसं वेगळी, प्रश्न तेच. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. थंड देशात जाताना चपला न्यायच्याच नाहीत का?

न्या, एक जोड जरूर न्या. तिकडेही उन्हाळा असतो. विनिपेगला जुलैत पारा ३० च्या वर जातो आणि तेव्हा चप्पलच बरी वाटते. घरात पूजा असली, मंडळाची चवथ असली तरी कोल्हापुरी हवीशी होते. पण घरात वापरायला चप्पल नेत असाल तर रबरी नको. हिवाळ्यात जमीन गार पडते आणि उघड्या टाचेतून थंडी वर चढते. घरासाठी लोकरी सपाता घ्याव्यात, त्या तिथे कुठेही मिळतात.

२. एवढे जोड कशाला? एक चांगला बूट घेतला तर पुरणार नाही का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि त्याचं उत्तर माझ्या कपाटातच आहे. जोड ज्या क्रमाने आले त्या क्रमाने सांगते.

२०१२ च्या सप्टेंबरात मी गेले तेव्हा पायात जाळीचे स्पोर्ट शूज होते आणि बॅगेत कोल्हापुरी. गोव्यात आपला पाय बाराही महिने उघडा असतो. बंद बूट म्हणजे शाळा आणि लग्न, एवढंच ठाऊक. नोव्हेंबरात पहिला ओला बर्फ पडला आणि बसथांब्यापर्यंतच्या दहा मिनिटांत जाळीतून पाणी आत शिरलं. ऑफिसात पोचल्यावर मोजे पिळले आणि दिवसभर ओल्या पायांनी बसून राहिले. त्या संध्याकाळी घाईघाईत एक घोट्यापर्यंतचा, आतून केसाळ अस्तर असलेला बूट घेतला. दिसायला सुरेख होता, पण माप नेहमीचंच घेतलं. डिसेंबरात आत दोन मोजे घालून मी थांब्यावर उभी राहिले, बस चुकली, पुढची यायला वीस मिनिटं. पारा उणे २४. पहिल्यांदा बोटं दुखली, मग मुंग्या आल्या, मग काहीच कळेना. घरी येऊन बूट काढला तर करंगळी पांढरीफटक होती. ऊब लागली तशा हजार सुया टोचाव्यात तशी ती ठणकू लागली.

आमच्या शेजारी मूळच्या युक्रेनी घराण्यातल्या एक आजी राहायच्या. त्यांनी माझा बूट हातात घेतला, आत बोटं घालून पाहिली आणि मान हलवली. दुसऱ्या दिवशी मला दुकानात घेऊन गेल्या. तिथे घेतला तो माझा चौथा जोड: खाली रबर, वर चामडं आणि आतून काढता येणारं नमद्याचं, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचं, जाड अस्तर. वजनाने चांगलाच जड. घरी आल्यावर आजींनी अस्तर ओढून बाहेर काढून दाखवलं. रोज रात्री हे असं बाहेर निघालंच पाहिजे, एवढं एकच त्यांनी मला तीनदा सांगितलं. त्या बुटाने पुढचे दहा हिवाळे काढले.

मग लक्षात आलं की तो बूट घालून दिवसभर ऑफिसात बसता येत नाही, पाय उकडून निघतात. म्हणून टेबलाखाली ठेवायला साधे बंद बूट आले. ऑक्टोबरात, थंडी असते पण बर्फ नसतो तेव्हासाठी घोट्यापर्यंतचा चामडी बूट आला. एप्रिलमध्ये बर्फ वितळून रस्त्यात घोटाभर राडा होतो, त्यासाठी रबरी गमबूट. घरासाठी सपाता. असे आठ झाले.

नववा जोड सहाव्या हिवाळ्यात आला, आणि तो बर्फावर घसरायच्या स्केट्सचा. विनिपेगला दोन नद्यांचा संगम आहे, रेड आणि असिनिबॉइन. हिवाळ्यात त्या गोठल्या की नदीवरच स्केटिंगची वाट आखतात. पाच वर्षं मी ती वाट पुलावरून पाहत होते. त्या वर्षी खाली उतरले. पहिले आठ जोड थंडीपासून स्वतःला वाचवायला घेतलेले होते, नववा थंडीत बाहेर पडायला. कपाट उघडलं की मला त्यात आधी हेच दिसतं.

एका हिवाळ्यापुरतं जाणाऱ्याने नऊ जोड घेऊ नयेत. खऱ्या थंडीसाठी एक, आत घालायला एक, ओल्यासाठी एक. तीन पुरतात.

३. बूट गोव्यातून घेऊन जावेत की तिथे पोचून घ्यावेत?

तिथेच घ्यावेत. पैसे वाचतील म्हणून माझ्या नवऱ्याने जाण्याआधी इथल्या एका दुकानातून ‘स्नो बूट’ म्हणून एक जोड घेतला होता. त्याचा सोल पीव्हीसीचा निघाला. पीव्हीसी थंडीत कडक होतं. उणे २० ला तो सोल लाकडी फळीसारखा झाला, वाकेना आणि बर्फावर टिकेना. चांगल्या बुटाचा सोल थंडीतही मऊ राहणाऱ्या रबराचा असतो. इथल्या दुकानात उभं राहून तो फरक हाताला कळत नाही, कारण इथे सगळंच मऊ लागतं.

दुसरं म्हणजे माप. बूट तिथल्याच जाड मोज्यावर घालून पाहावा लागतो (प्रश्न ५). नव्या मालावर तिथे फेब्रुवारी-मार्चमध्ये मोठी सूट लागते, पण पहिल्या हिवाळ्यात तिची वाट पाहू नका.

लोकरी मोजे मात्र इथून कुणी हाताने विणून देत असेल तर आनंदाने न्या.

४. मग मोपा विमानतळाहून निघताना पायात काय घालू?

असतील नसतील ते सगळ्यात जाड बंद बूट घाला. बॅगेत भरले तर तेवढं वजन वाढतं. वरच्या बॅगेत लोकरीच्या मोज्यांचा एक जोड हाताशी ठेवा. विमानात पाय सुजतात, म्हणून नाड्या सैल सोडा. जानेवारीत उतरणार असाल तर न्यायला येणाऱ्याला तुमच्या मापाचा एखादा जुना बूट गाडीत ठेवायला सांगा. विमानतळाच्या दारापासून गाडीपर्यंतची पाच मिनिटंही पुष्कळ असतात. जानेवारीत फोंड्याला रात्री पारा २० च्या आसपास असतो आणि विनिपेगला उणे २० च्या आसपास.

५. माझं माप इकडे ८ आहे. तिकडे कोणतं मागू?

आपल्याकडचं माप बहुतेक इंग्लंडच्या पद्धतीचं असतं. कॅनडा-अमेरिकेत पुरुषांच्या बुटाला साधारण एक अंक वाढतो, म्हणजे इथला ८ तिथे ९. बायकांच्या बुटाला साधारण दोन वाढतात, ५ चा ७ होतो. युरोपात पुरुषांचा ८ म्हणजे ४२ च्या आसपास. हे सगळं अंदाजाचं, प्रत्येक कंपनीचं माप थोडं इकडेतिकडे होतंच.

हिवाळी बूट या मापाहून अर्धा किंवा एक अंक मोठा घ्या. जाड मोजा घालून उभं राहिल्यावर सगळी बोटं आत हलली पाहिजेत. पाय दुपारनंतर थोडा फुगतो, म्हणून दुकानात संध्याकाळी जा.

लांबीपेक्षा आपल्या लोकांना रुंदीचा त्रास जास्त होतो. जन्मभर चपलेत मोकळा वाढलेला पाय चवड्याशी पसरट असतो. दक्षिण भारतातल्या २३०० मुलांची एक पाहणी १९९२ साली छापून आली होती. त्यात बूट घालणाऱ्या मुलांमध्ये सपाट तळव्याचं प्रमाण ८.६ टक्के निघालं आणि अनवाणी वाढलेल्यांत २.८ टक्के. म्हणजे आपला पाय चांगलाच घडलेला असतो, फक्त तो अरुंद साच्यात बसत नाही. बूट चावत असेल तर मोठं माप मागू नका, रुंद साचा मागा. कॅनडा-अमेरिकेत रुंदी अक्षरांनी दाखवतात. पुरुषांची नेहमीची रुंदी ‘डी’, त्याहून रुंद ‘२ई’. बायकांची नेहमीची ‘बी’ आणि रुंद ‘डी’.

६. दोन-तीन मोजे एकावर एक घातले तर साधा बूट चालेल ना?

नाही, उलट पाय जास्त गारठतो. माझी करंगळी त्यानेच पांढरी पडली होती. थंडीत शरीर पायाकडचं रक्त आधीच कमी करतं, शिरा आकसतात. त्यावर घट्ट बूट आवळला की जे थोडं पोचतं तेही अडतं. शिवाय ऊब मोज्यात नसते, मोज्यात अडकलेल्या हवेत असते. हवा दाबून बाहेर काढली की हाती काही उरत नाही.

एकच जाड लोकरी मोजा घाला. मेरिनो लोकर सर्वांत चांगली, टोचत नाही आणि थोडी ओली झाली तरी ऊब सोडत नाही. सुती मोजे नकोतच. सूत घाम शोषतं आणि धरून ठेवतं. आपल्या उकाड्यात ते उपयोगाचं आहे, तिथे त्याच ओलाव्याने पाय बर्फ होतो.

७. बुटावर ‘उणे ४०’ लिहिलंय. म्हणजे उणे ४० ला पाय गरम राहील का?

चालत राहिलात तर कदाचित. हा आकडा कंपनी स्वतः ठरवते, सगळ्यांना बांधून घेणारं एकच माप नाही. बहुतेक आकडे माणूस हालचाल करतोय असं धरून काढलेले असतात. बसथांब्यावर उभ्या माणसाचे पाय त्या मानाने फार लवकर गार होतात. मी आकड्यापेक्षा पंधरा-वीस अंश कमी थंडीपुरताच बूट धरायची, म्हणजे उणे ४० चा उणे २०-२५ पर्यंतच. अस्तराच्या लेबलावर २००, ४००, ८०० ग्रॅम असंही लिहिलेलं असतं, ते दर चौरस मीटरचं वजन. शहरात रोज ये-जा करायला ४०० पुष्कळ झालं. प्रेअरीच्या, म्हणजे विनिपेगसारख्या सपाट गवताळ मुलखातल्या, प्रांतांत किंवा ज्याचं काम उभं राहून आहे त्याला ८०० किंवा नमद्याचं अस्तर.

वारा वेगळा धरा. कॅनडाच्या हवामान खात्याच्या हिशेबाप्रमाणे वाऱ्यासकट जाणवणारी थंडी उणे २८ च्या खाली गेली की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. घोटा आणि पँट यांच्यातली दोन बोटांची उघडी जागा त्यातच मोडते.

८. वॉटरप्रूफ बूट आणि गरम बूट यात फरक काय? एकच ना?

दोन्ही वेगळे, आणि दुकानात नेमकी इथेच फसगत होते. रबरी गमबूट शंभर टक्के वॉटरप्रूफ असतो, पण उणे १० ला तो घालून उभं राहवत नाही. रशियातले वालेंकी म्हणजे नुसत्या नमद्याचे बूट कडक, कोरड्या थंडीत फार गरम, पण पाण्यात पाय पडला की संपले. म्हणून बर्फ वितळायला लागला की तिथले लोक त्यांवर रबरी खोळ चढवतात.

दोन्हींची सांगड फार आधी इनुइट बायकांनी घातली. त्यांचे कामिक नावाचे बूट सीलच्या कातड्याचे असतात आणि जनावराच्या स्नायूच्या दोऱ्याने शिवतात. टाका कातड्याच्या आरपार जात नाही, त्यामुळे भोकातून पाणी आत येत नाही. आत केसांचा वेगळा थर असतो. उत्तर युरोपातले सामी लोक बुटात वाळलेलं गवत भरत आणि रात्री ते बाहेर काढून वाळवत. शेजारच्या आजींनी मला अस्तर काढायला लावलं ते याच कारणासाठी.

खाली रबर आणि वर चामडं असलेला बूट अमेरिकेच्या मेन राज्यात लिऑन बीन यांनी विकायला काढला, १९१२ च्या सुमारास. पहिल्या शंभर जोडांपैकी नव्वद शिवण उसवून परत आले. त्यांनी सगळ्यांचे पैसे परत केले, शिवण सुधारली आणि पुन्हा बनवले. मला ही गोष्ट फार आवडते. रबर आणि चामडं जिथे जोडलेलं असतं ती शिवण आजही आधी पाहायची असते. नवा बूट घेताना त्या शिवणीवरून नख फिरवून बघा.

९. आम्ही इंग्लंडला, स्विंडनला चाललोय. तिथे एवढा बर्फ पडत नाही म्हणतात.

बरोबर, आणि म्हणून वरचं बरंचसं तुम्हाला लागू नाही. इंग्लंडच्या त्या भागातला हिवाळा म्हणजे शून्याच्या थोडा वर असलेला पारा आणि बारीक, न थांबणारा पाऊस. उणे ४० चा बूट तिथे घालून फिरलात तर आत घाम येईल, आणि घामानेच पाय गार होईल. तुम्हाला हवा तो पाणी आत न येणारा, हलक्या अस्तराचा, घोट्यापर्यंतचा बूट. घ्या ते दोन जोड, एक वाळेपर्यंत दुसरा. गोदामात किंवा कारखान्यात कामाला जाणाऱ्यांना पुढे पोलादी टोपी असलेले सुरक्षा बूट घालावे लागतात. पोलाद थंडी धरतं, तेव्हा कंपोझिट (धातू नसलेल्या) टोपीचे मागून बघा. ओल्या थंडीचा बोटांवर वेगळाच परिणाम होतो, त्यासाठी प्रश्न १४ पाहा.

१०. बर्फावर पाय घसरतो. कोणत्या सोलचा बूट घ्यावा आणि चालायचं कसं?

चालायचं कसं ते तुम्हाला येतं. श्रावणात अंगणातल्या चिऱ्यांच्या पायऱ्यांवर हिरवं शेवाळ धरतं तेव्हा आपण कसे उतरतो? पाऊल लहान, तळवा सपाट टेकवायचा, टाच आधी टाकायची नाही, अंग थोडं पुढे, हात मोकळे. बर्फावर अगदी तसंच. पहिल्या वर्षी मी दोनदा आपटले आणि दोन्ही वेळा हात कोटाच्या खिशात होते.

बर्फ किती निसरडा असेल ते थंडीवर ठरतं, पण आपण समजतो त्याच्या उलट. उणे २० ला कोरडा बर्फ पायाखाली करकरतो आणि पाय चांगला धरतो. खरी भीती शून्याच्या आसपास असते. दिवसा वितळलेलं पाणी रात्री गोठतं आणि सकाळी काळ्या डांबरावर ते दिसतच नाही. नोव्हेंबर आणि मार्च हे पडायचे महिने.

सोलसाठी दुकानात दोन गोष्टी बघा. अंगठ्याचं नख सोलमध्ये रुतलं पाहिजे, आणि खाचा खोल असल्या पाहिजेत. खोल खाचा मऊ बर्फात कामाला येतात, पण गुळगुळीत गोठलेल्या पाण्यावर त्या एकट्या पुरत नाहीत. टोरांटोच्या एका पुनर्वसन रुग्णालयातल्या संशोधन संस्थेने यासाठी खोलीत खरा बर्फ गोठवून, तो तिरका करून, त्यावर माणसं चालवून बूट तपासले आहेत. निदान ७ अंशांच्या उतारावर जो टिकतो त्यालाच ते गुण म्हणून एक हिमकणाची खूण देतात. २०१६ साली पहिले निकाल आले तेव्हा बाजारातले बहुतेक बूट तेवढंही पार करू शकले नव्हते. तेव्हा किंमत पाहून भरवसा ठेवू नका.

वयस्कर माणसांसाठी बुटाखाली अडकवायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात. त्याने पाय घट्ट रुततो. मात्र दुकानाच्या किंवा स्टेशनच्या फरशीवर तेच खिळे घसरतात, म्हणून दाराशी काढायलाच हवेत.

११. बुटावर पांढरे डाग पडलेत, पुसून जात नाहीत. बुरशी आहे का?

नाही, मीठ आहे. रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून तिथे मीठ टाकतात. ते ओल्या चामड्यात मुरतं आणि वाळताना वर फुटतं. आपल्या भिंतींना खारवट हवेने मीठ फुटतं ना, तसंच. तसंच राहू दिलं तर चामडं तडकतं. पांढरं व्हिनेगर आणि पाणी सारख्या प्रमाणात घ्या, फडक्याने पुसा, मग साध्या पाण्याच्या फडक्याने, आणि सावलीत वाळल्यावर मेणाचं पॉलिश लावा. टोरांटोकडे हा त्रास जास्त. साधं मीठ उणे १० च्या खाली फारसं काम करत नाही, म्हणून विनिपेगला कडाक्यात रस्त्यांवर वाळू जास्त टाकतात आणि ती सगळी बुटांबरोबर घरात येते.

१२. तिकडे लोकांच्या घरात बूट घालूनच जातात का?

कॅनडात नाही. दाराशीच काढतात, अगदी आपल्यासारखं. दाराच्या आत एक कडा असलेला ताट ठेवलेला असतो, बूट त्यात. त्याच्याभोवती वितळलेल्या बर्फाचं डबकं साचतं आणि मोज्याने त्यात पाय पडला की दिवस खराब होतो, म्हणून बूट काढून थेट सपातांत पाय घाला. कुणाकडे जाताना पिशवीतून घरातले बूट नेण्याची पद्धतही आहे. मोजे फाटके नसावेत.

१३. ओले बूट लवकर कसे वाळवायचे? हीटरवर ठेवू का?

हीटरवर कधीच नाही. चामडं कडक होऊन तडकतं आणि सोलचा डिंक सुटतो. अस्तर आणि आतला तळ बाहेर काढा, वेगळे उभे ठेवा. बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोन तासांनी बदला. नमदा भिजला असेल तर त्याला एक अख्खा दिवस लागतो, म्हणून अस्तराचा जादा जोड घेऊन ठेवणं फार सोयीचं. बूट कोरडा दिसला तरी रोजच्या घामाने अस्तर दमट झालेलं असतंच. ते रोज रात्री बाहेर.

१४. बोटं लाल-निळी होऊन सुजतात आणि भयंकर खाज येते. हे बर्फाने पाय गोठणं आहे का?

बहुतेक वेळा नाही. याला इंग्रजीत चिलब्लेन म्हणतात. शून्याच्या वरच्या ओल्या थंडीतही ते होतं, म्हणून इंग्लंडला गेलेल्यांकडून हा प्रश्न जास्त येतो. गार पाय एकदम शेकले की त्रास वाढतो. बाहेरून आल्यावर पाय हीटरला लावू नका, कोरडे करून मोज्यात हळूहळू ऊब येऊ द्या. खाजवू नका. कातडी फुटली तर डॉक्टरांना दाखवा.

खरं गोठणं वेगळं. बोट पांढरं किंवा मेणासारखं होतं, कडक लागतं आणि त्यात काही जाणवत नाही. ते चोळायचं नाही, बर्फाने तर मुळीच नाही. पुन्हा गोठायची भीती नसेल तेव्हाच ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात धरायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा.

मधुमेह असलेल्यांनी हे दोनदा वाचावं. पायाची जाणीव कमी झालेली असेल तर थंडीही कळत नाही आणि पाणी किती गरम आहे तेही कळत नाही. पाणी दुसऱ्या कुणाच्या तरी कोपराने किंवा थर्मामीटरने पाहून घ्या, आणि रोज रात्री तळवे उजेडात तपासा.

१५. आई-बाबा तीन महिन्यांसाठी येणार आहेत. त्यांच्यासाठी काय घेऊ?

नाड्यांचा बूट घेऊ नका. वाकून नाड्या बांधणं त्यांना जड जातं आणि दाराशी तोल जातो. पुढून पूर्ण उघडणारी चेन किंवा चिकटपट्टी असलेला, हलका, रुंद बूट घ्या. दाराजवळ एक खुर्ची ठेवा. खिळ्यांचे पट्टे घ्याच (प्रश्न १०).

आईच्या बाबतीत एक गोष्ट कुणी सांगत नाही: जोडवी. माझी आई २०१६ च्या हिवाळ्यात आली तेव्हा तिच्या पायात चांदीची जाड जोडवी होती. बुटात ती शेजारच्या बोटाला रुतत होती, पण ‘काढ’ म्हणायला माझी जीभ वळेना. चौथ्या दिवशी मोज्याला रक्त दिसलं. फोंड्याच्या सोनाराने घडवलेली जोडवी तिने डबीत ठेवली आणि मी तिला तारेसारखी बारीक, सपाट जोडवी आणून दिली. ती बुटात टोचत नाहीत. आता कुणाच्याही आईला मी ती निघण्याआधीच करून घ्यायला सांगते.

साडीचा काठ बर्फात भिजतो आणि घोट्याशी गोठतो. साडी सोडायची नसेल तर आत लोकरी लेगिंग आणि पोटरीपर्यंतचा बूट, साडी दोन बोटं वर नेसायची.

१६. मुलांसाठी?

दरवर्षी नवे लागतात, म्हणून वापरलेले घेतले तरी चालतात (प्रश्न १९). शाळेत आत घालायचा वेगळा जोड मागतात. सगळ्यावर, अस्तरावरसुद्धा, नाव लिहा.

१७. आम्ही फक्त आठवडाभर मनालीला जातोय. बूट विकत घेऊ का?

नको. रोहतांग-सोलंगच्या वाटेवर दुकानं आहेत, तिथे गमबूट आणि कोट भाड्याने मिळतात. ते गमबूट आतून थंड आणि आधीच्या माणसाच्या घामाने दमट असतात, म्हणून दोन जोड लोकरी मोजे आणि कोरडा आतला तळ स्वतःचा न्या. हिवाळ्यात लडाखला जाणार असाल तर मात्र ही भाड्याची सोय पुरणार नाही. तिथे प्रश्न ५ ते ७ लागू.

१८. तिकडचे महागडे बूट गोव्यात आणून नीट जपून ठेवले होते. दोन वर्षांनी काढले तर सोलचा पिठासारखा भुगा झाला. असं का?

माझ्या नऊ जोडांतला एक याच रोगाने गेला. ऑक्टोबरचा चामडी बूट, माझा सगळ्यात लाडका. २०२३ ला परत आल्यावर मी त्याला पॉलिश केलं, डब्यात ठेवलं, डबा प्लास्टिकच्या पिशवीत बांधला. दोन पावसाळे गेले. लग्नाला जायचं म्हणून काढला, घातला आणि अंगणापर्यंत गेले तोवर मागे काळे तुकडे पडत होते. टाचेचा सोल हातात चुरला गेला, ओल्या गुळाच्या ढेपेसारखा. वरचं चामडं मात्र नव्यासारखं होतं.

बऱ्याच बुटांच्या तळव्यात पॉलियुरेथेनचा फेस असतो. हलका आणि मऊ म्हणून वापरतात. हवेतला ओलावा त्याची रासायनिक साखळी हळूहळू तोडतो. उष्णता आणि दमट हवा असेल तर काम आणखी लवकर होतं, आणि आपल्या पावसाळ्यात दोन्ही एकत्र असतात. वापर झाला नाही म्हणून तो वाचत नाही, उलट ठेवून दिलेला बूट जास्त खराब होतो. चालताना तळवा दाबला जाऊन आतला ओलावा थोडा बाहेर तरी पडतो. प्लास्टिकच्या पिशवीने मी त्याला ओलाव्यासकट कोंडून ठेवलं होतं.

साध्या रबराच्या किंवा ईव्हीए फेसाच्या सोलला हा रोग होत नाही. माझा नमद्याचा बूट रबरी तळाचा, म्हणून अजून धड आहे. ठेवायचे असतील तर हे करा: पिशवी नको, कापडी थैली किंवा उघडा डबा. जिन्याखालच्या भिंतीला ओल येत असेल तर तिथेही नको. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि चवथीनंतर ऊन पडलं की त्या बदला. महिन्यातून एकदा घालून घरात दहा मिनिटं चाला. चामड्यावर बुरशी आली तर बाहेर अंगणात कोरड्या फडक्याने पुसा, मग व्हिनेगर-पाणी (प्रश्न ११), आणि सावलीत वाऱ्यावर ठेवा.

सोल गेला आणि वरचं चामडं चांगलं असेल तर टाकून देऊ नका. जुना चांभार नवा रबरी सोल बसवून देतो. माझ्या त्या बुटाला मात्र तळाची शिवणच नव्हती, सगळं चिकटवलेलं होतं, त्यामुळे नवा सोल बसवायला आधारच उरला नाही.

१९. नातेवाइकांचे वापरलेले हिवाळी बूट घेऊन गेलं तर चालेल का?

तपासून घेतले तर चालेल. सोलच्या कडेला अंगठ्याने जोरात दाबा. भेग पडली किंवा चिकट लागलं तर घेऊ नका, प्रश्न १८ चा रोग आहे. नख रुतत नसेल तर रबर जुनं होऊन कडक झालंय, बर्फावर धरणार नाही. आत हात घालून तळव्याचा ठसा पाहा. दुसऱ्याच्या पायाचा खोल खड्डा पडला असेल तर तुमचा पाय त्यात कधीच नीट बसणार नाही. अस्तर फाटलेलं असलं तरी हरकत नाही, ते वेगळं विकत मिळतं. मुलांचे बूट एका हिवाळ्यातच लहान होतात, ते बहुतेक चांगलेच असतात.

मागच्या महिन्यात माझ्या मावसबहिणीची मुलगी आली होती, तिला कॅनडातल्या एडमंटनला प्रवेश मिळालाय. तिने कपाटातला नमद्याचा बूट काढला, जाड मोजा चढवला आणि त्या घामट दुपारी आमच्या बल्कांवात (पुढच्या ओसरीत) चार फेऱ्या मारल्या. बोटं हलताहेत का, मी विचारलं. हलत होती. सोल दाबून पाहिला, शिवणीवरून नख फिरवलं, अस्तर ओढून बाहेर काढलं आणि तिला परत घालायला लावलं, तीनदा.